केप टाउन ते डर्बन : गोल्फचा रस्ता आणि आमची माणसं

गेल्या महिन्यात केप टाउनहून माझ्या पुतण्याने एक तक्ता पाठवला. डिसेंबरच्या सुट्टीत तो आणि त्याचे दोन मित्र गाडीने निघणार, केप टाउनहून समुद्राच्या कडेकडेने डर्बनपर्यंत जाणार, आणि वाटेत लागतील ती जुनी, नावाजलेली गोल्फची मैदानं खेळणार. रॉयल केप, मॉसेल बे, जॉर्ज, पोर्ट एलिझाबेथचं हम्यूवुड, ईस्ट लंडन आणि शेवटी डर्बन कंट्री क्लब. सोळाशे-सतराशे किलोमीटर, नऊ दिवस, सहा मैदानं. तक्त्यात प्रत्येक मैदानापुढे स्थापनेचं साल, मुक्कामाचं ठिकाण आणि एका फेरीचा खर्च लिहिलेला. खाली एक ओळ: "चाचा, गाडीत चौथी जागा रिकामी आहे. तुम्हाला खेळायचं नाही, फक्त इतिहास सांगायचा."

मी पुण्यात मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. गोल्फची काठी मी आयुष्यात हातात धरलेली नाही. येरवड्यात गोल्फचं मोठं मैदान आहे, त्याच्या कुंपणाबाहेरून गेली वीस वर्षं ये-जा करतोय. आत हिरवळ आहे, एवढीच माझी माहिती. आपल्या लोकांत गोल्फ म्हटलं की लष्करी साहेब, कंपनीचे डायरेक्टर आणि हिंदी सिनेमातला खलनायक डोळ्यांपुढे येतो. नाशिकला 'गोल्फ क्लब मैदान' आहे. त्याला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव दिलं, तरी रिक्षावाल्याला जुनं नावच सांगावं लागतं. तिथे क्रिकेट चालतं, सभा होतात. गोल्फ केव्हाच निघून गेला, नाव राहिलं.

पण पुतण्याचा तक्ता बाजूला ठेववेना, कारण तो रस्ता आमच्या घराचा आहे. माझ्या दादांचे थोरले भाऊ खेड तालुक्यातून केपला गेले. घरात त्यांना 'केपवाले दादा' म्हणत. पुतण्या त्यांचा पणतू. गावच्या घरात भिंतीवर त्यांचा एकच फोटो आहे: तुर्की टोपी, बंद गळ्याचा कोट आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा चेहरा. लहानपणी मला वाटे, फोटो काढताना त्यांना कोणीतरी रागावलं असावं. तो फोटो कशासाठी काढला होता ते फार उशिरा कळलं.

आधी गोल्फचं बघू. हा खेळ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा. समुद्र आणि शेत यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांची, खुरट्या गवताची एक पट्टी असते. तिथे पीक येत नाही, फार तर मेंढ्या चरतात. तिकडे तिला 'लिंक्स' म्हणतात. आपल्याकडे कोकणात असल्या जागी सुरूचं बन असतं, मासळी वाळत घालतात, संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. स्कॉटिश लोक तिथे काठीने चेंडू मारत ससे आणि मेंढ्यांनी केलेल्या खळग्यांतून फिरत. खेळ इतका वाढला की 1457 मध्ये तिथल्या पार्लमेंटने त्यावर बंदी घातली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून गोल्फ खेळू लागले होते. म्हणजे सुरुवातीला हा काही साहेबांचा खेळ नव्हता. तो साहेबांचा झाला बराच नंतर, आणि वसाहतींमध्ये तर पुरताच.

काठी आणि चेंडूचा खेळ आपल्यालाही नवा नाही. चौगान घोड्यावरून खेळत. सुलतान कुतबुद्दीन ऐबक 1210 मध्ये लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून वारला. अकबर रात्री पळसाच्या लाकडाचा पेटता चेंडू घेऊन खेळे, असं अबुल फजलने लिहून ठेवलंय. उर्दूत एखाद्याने बाजी मारली तर आजही म्हणतात, 'गू-ए-सबकत ले गया'. इथे गू म्हणजे चौगानचा चेंडू. वर्गात हा वाक्प्रचार शिकवताना पोरं हसतात, आणि दर वर्षी मला तो 'गू' वेगळा, हे समजावून सांगावं लागतं.

इंग्रजांनी आपला खेळ पेटीत घालून सगळीकडे नेला. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, 1829 चा. त्यानंतर मुंबईचा, 1842 चा. मुंबईचा तो क्लब आता नाही, पण त्याने स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला भेट दिलेलं चांदीचं पदक तिथल्या वसंतातल्या स्पर्धेत 'बॉम्बे मेडल' याच नावाने दिलं जातं. आणखी एक गंमत सांगतो. तेव्हा गोल्फचा चेंडू कातड्यात पिसं ठासून करत, आणि तो काठीहूनही महाग पडे. मग गटापर्चा नावाच्या मलायातल्या झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू आला आणि खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. हा चीक सेंट अँड्र्यूजच्या एका घरात कसा पोहोचला, याची तिकडे सांगितली जाणारी कथा अशी, की पूर्वेकडून एक विष्णूची मूर्ती भेट आली होती आणि ती फुटू नये म्हणून भोवती या चिकाचे तुकडे भरले होते.

तर आता पुतण्याचा रस्ता.

पहिलं मैदान रॉयल केप. क्लब 1885 चा, दक्षिण आफ्रिकेतला सर्वांत जुना. एका ब्रिटिश जनरलने वाइनबर्गच्या लष्करी छावणीजवळ तो सुरू केला. पुण्यातल्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. जिथे कॅम्प तिथे चर्च, रेसकोर्स, जिमखाना आणि गोल्फ. तक्त्यात पुतण्याने या मैदानापुढे 'सर्वांत ऐतिहासिक' असं लिहिलंय. मी त्याला फोन करून म्हटलं, बेटा, त्या मैदानापासून काही मैलांवर सॉल्ट रिव्हर आहे. तुझ्या पणजोबांचं पहिलं दुकान तिथेच होतं ना? तिथला इतिहास 1885 च्याही पावणेचारशे वर्षं आधीचा आहे, आणि तो थेट आपल्या खाडीपर्यंत येतो.

1508 च्या मार्चमध्ये चौलजवळच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा याचा मुलगा मारला गेला. मुलाचा सूड घ्यायला बाप त्याच वर्षाच्या अखेरीस किनाऱ्याने निघाला आणि त्याने दाभोळ जाळलं. वाशिष्ठीच्या मुखावरचं दाभोळ हे तेव्हा मोठं बंदर होतं. अरबस्तानात आणि इराणच्या आखातात जाणारी जहाजं तिथून सुटत. शहरात जी कत्तल झाली तिचं वर्णन पोर्तुगीजांच्याच लिखाणात आहे. पुढे अल्मेडा मायदेशी निघाला. वाटेत पाण्यासाठी केपच्या टेबल बेमध्ये थांबला, तिथल्या खोईखोई लोकांशी त्याच्या माणसांनी भांडण उकरलं, आणि 1 मार्च 1510 रोजी खोईखोईंनी त्याला साठेक माणसांसह वाळूवर गाठून मारलं. ती जागा सॉल्ट रिव्हरच्या आसपासची. दाभोळ जाळणारा माणूस जिथे पडला, तिथेच चारशे वर्षांनी दाभोळच्या खाडीकाठच्या पोरांनी फळांच्या गाड्या लावल्या. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे आम्हाला शाळेत नाही सांगितलं." मी म्हटलं, आम्हालाही नाही.

केपवाले दादा गेले ते बारा-तेरा वर्षांचे असताना, एका नातेवाइकाबरोबर. 1902 साल असावं, कारण घरात सांगत की ते 'कायद्याच्या आधी' पोहोचले. केप कॉलनीने 1902 मध्ये जो कायदा केला, त्यात नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषेत लिहिता आलंच पाहिजे अशी अट होती. उर्दू, मराठी, गुजराती लिहिता येणारा माणूस त्या कायद्याच्या लेखी निरक्षर. मी भाषेचा शिक्षक आहे, त्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच लागतं. डर्बनकडे गेलेल्या गिरमिटियांची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. 1860 च्या नोव्हेंबरात 'ट्रुरो' जहाज मद्रासहून तिथे पोहोचलं आणि उसाच्या मळ्यांसाठी माणसं जात राहिली. केपला गेलेले आमचे कोकणी मुसलमान मात्र करारावर गेलेले नव्हते. खेड, चिपळूण, माणगावकडची गावं, जंजिरा संस्थानचा मुलूख इथून लोक स्वतःच्या खर्चाने मुंबईला येऊन बोटीत बसत. तिकडे हातगाडी, मग टपरी, मग कोपऱ्यावरचं दुकान. बायका-मुलं गावी.

गावी यायचं तरी परवाना लागे. 1906 च्या कायद्याने केपमधल्या हिंदी माणसाला बाहेर जाताना परत येण्याचा परवाना काढणं भाग पडलं. त्यावर फोटो, बोटांचे ठसे आणि मुदत. मुदतीत परतला नाही तर आयुष्यभराचं दुकान तिकडे आणि माणूस इकडे. भिंतीवरचा फोटो त्या परवान्यासाठी काढलेला. एक प्रत कागदावर चिकटली, दुसरी गावी आली. 1911 मध्ये दादा निकाह करायला आले तेव्हाची ही गोष्ट. मला फोटोत राग दिसे, तो राग नसेलही. सरकारी फोटोत सगळेच असे दिसतात.

मॉसेल बे आणि जॉर्ज ही दोन मैदानं मी पटकन ओलांडतो. मॉसेल बेला 1488 मध्ये बार्तोलोमेउ दियाश उतरला, नऊ वर्षांनी वास्को द गामा, आणि पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. जॉर्जला डोंगर आहेत, थंडी आहे आणि पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे तिथली हिरवळ सगळ्यांत चांगली आहे. असेल.

हम्यूवुडला मात्र थांबायला हवं. हे मैदान 1931 चं, अस्सल समुद्रकाठचं, वाऱ्यासाठी प्रसिद्ध. शहराचं नाव आता गेबेखा झालंय, जुनं पोर्ट एलिझाबेथ. याच शहरात हसन इसाप नावाचा हिंदी मुसलमान राहत होता. तो 1908 मध्ये हिंदुस्थानात आला, बाई मरियमशी त्याचा निकाह झाला, आणि 1912 मध्ये तो तिला घेऊन जायला आला. जहाज आफ्रिकेला लागलं तेव्हा बाई मरियमला उतरू दिलं नाही. प्रकरण केपच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि 14 मार्च 1913 रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला: ज्या धर्मात एकाहून अधिक बायकांना मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न या देशात कायदेशीर लग्न नव्हे. हसन इसापची बायको एकच होती. त्याने काही फरक पडला नाही.

एका निकालाने दक्षिण आफ्रिकेतल्या मुसलमान, हिंदू, पारशी अशा सगळ्या बायका कायद्याच्या नजरेत बायका राहिल्या नाहीत. खेडला आमच्या घरात केपवाल्या दादांची नवी नवरी बसलेली होती, निकाह होऊन दोन वर्षंही झालेली नव्हती. या निकालाची बातमी गावात कशी पोहोचली, कोणी कोणाला काय लिहिलं, काही शिल्लक नाही. एवढंच माहीत आहे की ती केपला जाऊ शकली ती 1920 नंतर, पोरगी म्हणून लग्न लागलेली बाई तिशीला आली तेव्हा.

याच निकालानंतर बायका सत्याग्रहात उतरल्या. सप्टेंबर 1913 मध्ये कस्तुरबा परवान्याशिवाय नाताळची हद्द ओलांडून ट्रान्सवालमध्ये शिरल्या, पकडल्या गेल्या आणि त्यांना तीन महिने सक्तमजुरी झाली. पुढच्या वर्षी कायदा बदलावा लागला. कस्तुरबांची समाधी कुठे आहे, हे पुणेकराला विचारायला नको. आगाखान पॅलेसमध्ये, जिथे 22 फेब्रुवारी 1944 रोजी कैदेतच त्या गेल्या. येरवड्याच्या गोल्फ मैदानापासून ती जागा फार लांब नाही. पॅलेस बांधणारे तिसरे आगाखान स्वतः गोल्फचे मोठे शौकीन होते, ही आपली जाता जाता. शाळेची सहल दर वर्षी तिथे जाते. मी मुलांना 'चले जाव'बद्दल सांगतो, बाई मरियमबद्दल आजवर कधी सांगितलं नव्हतं. या वर्षी सांगेन.

ईस्ट लंडनपर्यंत रस्ता समुद्र सोडत नाही, मग आत वळतो आणि साडेसहाशे किलोमीटर डोंगराडोंगरांतून, मंडेलांच्या कुनू गावावरून डर्बनला जातो. पुतण्याने या टप्प्यापुढे 'बोअरिंग' असं लिहिलंय. मी त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या चाचीला फोन लावला. चाची सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. जन्म केपचा, खेड त्यांनी दोनदाच पाहिलं, पण बोलतात ती आमची कोकणी बोलीच, आणि तीही माझ्यापेक्षा जुनी. त्यांना विचारलं, तुम्ही कधी गेलात या रस्त्याने? त्या म्हणाल्या, बहिणीच्या लग्नाला डर्बनला जायचं होतं तर आधी परवाना काढावा लागला. मला वाटलं त्या सीमेबद्दल बोलताहेत. नाही. देशातल्या देशात, केप प्रांतातून नाताळ प्रांतात जायला हिंदी माणसाला परवाना लागे. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत लागत होता. ज्या रस्त्याला पुतण्या कंटाळवाणा म्हणतो, तो त्याच्या आजोबांना सहज धरता येत नव्हता. मला हा तपशील सगळ्या मैदानांच्या स्थापनेच्या सालांपेक्षा अधिक ऐतिहासिक वाटतो.

आणि मग डर्बन. डर्बन कंट्री क्लब 1922 मध्ये सुरू झाला. वाळूच्या उंच टेकड्यांवरचं, समुद्राला लागून असलेलं मैदान. दक्षिण आफ्रिकेची ओपन स्पर्धा इतर कुठल्याही मैदानापेक्षा इथे जास्त वेळा झाली. तक्त्यात याच्यापुढे तीन तारे काढलेत. पण याच शहरात उमगेनी नदीच्या मुखाजवळ रिव्हरसाइड नावाची वस्ती होती. हिंदी माळी, कोळी, मजूर यांची. त्या वस्तीतल्या दोन माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हा रस्ता पुरा होत नाही.

पहिले सूफी साहेब, हजरत शाह गुलाम मोहंमद सूफी. जन्म 1850 च्या सुमाराचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या इब्राहिमपट्टणचा. नंतर घराणं कल्याणला आलं. हैदराबादच्या हबीब अली शाह यांचे ते मुरीद. पीरांच्या हुकमावरून 1895 मध्ये डर्बनला गेले आणि नदीच्या काठी जागा घेऊन त्यांनी मशीद, मदरसा, यतीमखाना, दवाखाना उभा केला. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत दक्षिण आफ्रिकेत त्यांनी डझनभर मशिदी उभारल्या. केप टाउनची हबीबिया मशीदही त्यांचीच, 1905 ची. पीरांच्या नावावरून हबीबिया. आमचं केपचं घराणं आजही तिथेच नमाज पढतं. 1911 मध्ये सूफी साहेब गेले. मजार रिव्हरसाइडला आहे. मजारीवर हिंदूही येत, मुसलमानही येत, कारण मळ्यांतल्या माणसांना दुसरं होतं कोण?

दुसरा माणूस शिवशंकर सेवगोलम, ज्याला जग 'पापवा' म्हणून ओळखतं. रिव्हरसाइडचाच. आई आंधळी, घरात दारिद्र्य. बीचवुडचं गोऱ्यांचं गोल्फ मैदान होतं, तिथे पोरगा कॅडी म्हणून साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहू लागला. खेळायची परवानगी नव्हती, म्हणून झाडाची फांदी तोडून त्याने स्वतःची काठी केली. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे काठी धरायची ती उलटी: डावा हात खाली, उजवा वर. गोल्फची सगळी पुस्तकं सांगतात की असं धरून चेंडू सरळ जाऊच शकत नाही. त्याचा जाई.

ग्रॅहम वुल्फ नावाचा एक गोरा रसायनतज्ज्ञ तिथे खेळायला येई. आपल्याकडे जाहिरातीत दिसते ती 'ओले' क्रीम मुळात याच माणसाने डर्बनमध्ये बनवली. त्याने पोराचा हात ओळखला, आपल्या कारखान्यात काम दिलं आणि 1959 मध्ये त्याला युरोपात खेळायला नेलं. पापवाने डच ओपन जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. 1964 मध्ये तिसऱ्यांदा जिंकली. शाळा नाही, लिहिता-वाचता जेमतेम, आणि युरोपातली राष्ट्रीय स्पर्धा तीनदा. गू-ए-सबकत म्हणतात ती हीच.

स्वतःच्या गावात मात्र त्याला खेळू देत नव्हते. बराच झगडा झाल्यावर जानेवारी 1963 मध्ये नाताळ ओपन स्पर्धेत खेळायची परवानगी मिळाली. स्पर्धा डर्बन कंट्री क्लबवर. मैदानावर चालायची परवानगी, क्लबहाउसच्या आत पाऊल टाकायची नाही. पापवा जिंकला. बक्षिसाच्या वेळी पाऊस आला. गोरे खेळाडू आणि पाहुणे आत, छपराखाली. विजेत्याला चषक दिला तो बाहेर, पावसात उभं करून. त्याचा फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. दक्षिण आफ्रिकेवर खेळांत बहिष्कार घाला, ही मागणी ज्या गोष्टींमुळे जोर धरत गेली त्यांत हा फोटोही होता.

पुण्याच्या माणसाला इथे पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाही. गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी लाटता लाटता, साहेबांना सरावाला चेंडू टाकता टाकता तयार झालेला आपल्या पुण्याचा गोलंदाज. पुढे आपल्याच हिंदू संघाला सामने जिंकून देई, आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. तिथे रंग होता, इथे जात. म्हणून मी पुतण्याला एक बजावलं. पापवाची गोष्ट सांगताना 'गोऱ्यांनी असं केलं' एवढ्यावर थांबू नकोस. आपल्या मुसलमानांतही कोणाला कुठल्या पंगतीत बसवत नव्हते, कोणाशी सोयरीक करत नव्हते, ते तुझ्या आजीला विचार. आमच्या गावात विचारायचीही गरज नाही, दिसतं.

1965 मध्ये पापवाने नाताळ ओपन पुन्हा जिंकली, आणि या वेळी त्याने हरवलेल्यांत गॅरी प्लेअर होता, तेव्हाच्या जगातल्या पहिल्या तिघा-चौघांतला. त्यानंतर सरकारने दारं लावली. गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळायची बंदी, नंतर पासपोर्टही गेला. ज्या वयात गोल्फर पिकतो त्या वयात तो घरी बसला. 1978 मध्ये गरिबीत मेला, पन्नाशीही गाठली नव्हती. रिव्हरसाइडची वस्ती त्याच काळात ग्रुप एरियाज कायद्याखाली उठवली गेली. घरं गेली, भाजीचे मळे गेले. सूफी साहेबांची मशीद आणि मजार तेवढी राहिली. केप टाउनमध्ये चाचींचं डिस्ट्रिक्ट सिक्सचं घरही 1966 च्या हुकमाने असंच गेलं.

आता डर्बनमध्ये पापवाच्या नावाचं नगरपालिकेचं गोल्फ मैदान आहे. आणि ज्या बीचवुड मैदानावर तो पिशव्या वाहायचा, ते आज डर्बन कंट्री क्लबचंच दुसरं मैदान आहे.

आपल्याकडेही अशी एक गोष्ट घडली, जरा बऱ्या शेवटाची. दिल्लीच्या गोल्फ मैदानात मुघल काळातली मकबरे आहेत, चेंडू त्यांच्या बाजूने जातो. त्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकला. ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. 1993 मध्ये पुन्हा जिंकला. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला हे नाव माहीत नव्हतं. स्टाफरूममध्येही नव्हतं.

हे सगळं मी पुतण्याला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं, आणि ते मला वाटलं होतं तसं नव्हतं. त्याने लिहिलं, "चाचा, पापवाबद्दल मला माहीत होतं. केपमध्ये वाढलेल्या हिंदी पोराला ते माहीत असतंच. म्हणूनच मला तिथे खेळायचं आहे. समोरच्या दाराने आत जायचं, पैसे भरायचे, अठरा होल खेळायचे आणि क्लबहाउसमध्ये बसून चहा प्यायचा. तुम्ही म्हणता तो इतिहास मला आठवण म्हणून नको, हक्क म्हणून पाहिजे." माझी बाजू अशी, की ज्या दारात तो माणूस भिजला, तिथे पैसे भरून चहा पिण्याने हिशोब कसा होतो? बरं, ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा रिव्हरसाइडच्या पोराचं काय? दार उघडलं, पण फी कोणाला परवडते? येरवड्याच्या कुंपणाबाहेर उभा राहून मी हे म्हणू शकतो. पण पुतण्याच्या बापाला ज्या वयात एका क्लबच्या फाटकावरून हाकललं होतं, त्या वयाचा पुतण्या आज त्याच दर्जाच्या क्लबात नाव नोंदवतो, हे मी थट्टेवारी नेऊ शकत नाही. आमचं यावर एकमत झालेलं नाही. तीन फोन झाले, तिन्ही वेळा रात्र झाली.

निकाल चाचींनी लावला. त्या म्हणाल्या, खेळ की कुठे खेळायचं तिथे, पण आधी सूफी साहेबांना सलाम कर, आणि मला घेऊन चल. गाडीत पाच माणसं कशी बसणार, हा प्रश्न निघाला, तर एका मित्राला विमानाने बोलावायचं ठरलं. नवा तक्ता आलाय. ईस्ट लंडन ते डर्बन हा टप्पा आता दोन दिवसांत विभागलाय, कारण चाचींना दर दोन तासांनी पाय मोकळे करावे लागतात. हम्यूवुडच्या दिवशी दुपार मोकळी ठेवलीय, बंदर बघायला, जिथल्या शहरी बाई मरियमला यायचं होतं. डर्बनला पहिल्या दिवशी सकाळी फातिहा, दुपारी पापवाच्या नावाचं नगरपालिकेचं मैदान, आणि दुसऱ्या दिवशी कंट्री क्लब. तीन तारे तसेच आहेत. फक्त तक्त्यातला स्थापनेच्या सालाचा रकाना त्याने काढून टाकलाय, तो माझ्या सांगण्यावरून नाही.

माझी व्हिसाची फाइल परवा दिली. दोन फोटो, बोटांचे ठसे, परत येण्याचं तिकीट आणि मुदत. कॅम्पातल्या फोटोवाल्याने टोपी काढायला सांगितली. फोटो बायकोला दाखवला तर म्हणाली, अगदी गावच्या भिंतीवरच्या दादांसारखे दिसताय. पासपोर्ट अजून परत आलेला नाही.